पश्चिमेच्या फळ्या

पंचवटी, नाशिक
१२ फेब्रुवारी २०२४

बहिरूभाऊ,

खाली नाव वाचून पत्र लगेच फाडू नका. आधी पूर्ण वाचा, मग हवं ते करा. मी सलिमा, महेबूब वेल्डरची बायको. सहा वर्षं आपलं बोलणं नाही. तुमचा जुना फोन लागत नाही, पण दर ईदला शिरखुर्मा पाठवायचे तो चांदवडचा पत्ता अजून पाठ आहे. हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहितेय.

मागच्या मे महिन्यात ह्यांना ऊन लागलं. रस्त्यावर नाही, घरात. दुपारी पत्र्याखाली झोपले होते, हाक मारली तर उठेनात. दवाखान्यात चार दिवसांनी शुद्धीवर आले, पण उजवं अंग लुळं पडलं आणि जीभ जड झाली. आता काय बोलतात ते फक्त मला कळतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, की पुन्हा एकदा असं झालं तर मग हातात काही राहणार नाही. त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या वत्सलाबाई अशाच घरातल्या घरात गेल्या.

आमच्या गल्लीत सतरा घरं, सगळी पत्र्याची. वत्सलाबाईंच्या दहाव्यानंतर आम्ही बसलो आणि एक मंडळ काढलं. नाव ठेवलं सावली मंडळ. आमच्यातली निकिता लॅबमध्ये कामाला आहे, तिने सतरा घरांत सतरा थर्मामीटर टांगले. दुपारी दोनला जो तो आपल्या घरचा आकडा तिच्या वहीत लिहितो. दिवाळीनंतर सगळ्यांनी मिळून पत्र्यांना चुना मारला. तेव्हा आतला उकाडा तीन-चार अंशांनी उतरला. पण हवा कोंडलेलीच राहते, आणि खरा उन्हाळा अजून यायचाय.

मला आठवलं, हे नेहमी म्हणायचे की एप्रिलमध्ये बहिरूच्या चाळीत बसावं, आपल्या घरात बसू नये. तुम्ही आयुष्यभर कांदाचाळी बांधल्या. तुमच्या चाळीत कांदा सहा महिने टिकतो. आम्हाला माणसं फक्त तीन महिने टिकवायची आहेत. कसं करायचं, ते लिहून कळवाल का?

सलिमा


चांदवड
२३ फेब्रुवारी २०२४

सलिमाभाभीस रामराम.

पत्र फाडलं नाय. मी वाचलं, मग आमच्या मंडळींनी, साळूबाईनं, परत वाचून दाखवलं. महेबूबचं ऐकून वाईट वाटलं. ते खोटं सांगणार नाय.

पण झालेलं पण खोटं नाय. विंचूरची चाळ आम्ही दोघांनी उभी केली. लाकूडकाम माझं, लोखंड त्याचं. चाळ कुणाची, तर माझ्या लेकीच्या, सायलीच्या, व्हणाऱ्या चुलतसासऱ्याची. आन् त्या साली सायलीचं लग्न त्याच घरात ठरलेलं. भर एप्रिलात यानं पत्र्यावर पाणी मारलं. जुलैत चाळ उघडली तर निम्मा कांदा सडलेला. मी चार लोकांसमोर त्याला बोललो, हे पण खरं हाय. तवा तो एक शब्द बोलला नाय. ज्याची चूक नसते तो बोलतो, भाभी. लग्न मोडता मोडता राहिलं. मग त्यानं धंदा सोडला, नाशिकला गेला, आन् तोंड दाखवलं नाय.

असो. हे मी गल्लीसाठी लिहितोय, त्याच्यासाठी नाय.

चाळीचं गुपित काय नसतं. खालनं गार हवा आत आली पायजे आन् वरनं गरम हवा बाहेर गेली पायजे. तुमच्या घरात खालनं दार हाय आन् वर पत्रा भिंतीला चिकटलेला, मग हवा जाणार कुठं? पत्रा एक वीत उचलावा लागंल, आन् चाळीगत भिंतीला फटी ठेवून त्यात कामट्या, म्हंजी बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या, माराव्या लागतील. मला आधी मापं पाठवा. दार कुठल्या दिशेला, वारा कुठनं येतो, पत्रा किती उंच, मागं काय हाय. अंदाजपंचे लिहू नका, टेपनं मोजा. कसं मांडायचं त्याचा नमुन्याचा कागद सोबत धाडलाय, वाऱ्याची खूणबी काढलीय.

बहिरू


पंचवटी
८ मार्च २०२४

बहिरूभाऊ,

सतरा घरांची मापं वेगळ्या कागदावर आहेत. निकिताने आणि मी टेप धरून मोजली. वारा दुपारनंतर पश्चिमेकडून, नदीच्या अंगाने येतो. दारं बहुतेक पूर्वेला.

रविवारच्या बैठकीत तुमचं पत्र वाचलं. भांडणाचा भाग गाळला. तुमचं म्हणणं सगळ्यांना पटलं, पण शंका निघाल्या त्या निघाल्याच. सुमनबाई भाजी विकतात, जिभेने तिखट आहेत. त्या म्हणाल्या, भिंतीला फटी ठेवल्या तर माझं घर सगळ्या गल्लीला दिसेल, मी कांदा नाही. उंदरांचं काय, हा दुसरा प्रश्न. पत्र्यावर उसाचं वाळलेलं पाचट टाकायचं कुणी तरी सुचवलं, तर निकिता म्हणाली की एवढ्या दाटीत एक फटाका पडला की सतरा घरं जातील. ते रद्द केलं.

ह्यांना मी सांगितलंय की हे सगळं निकिताच्या ओळखीच्या कुण्या इंजिनीअरचं आहे. तुम्ही मापासाठी पाठवलेला नमुन्याचा कागद ह्यांनी डाव्या हातात घेतला आणि बराच वेळ बघत बसले. मग मला परत दिला. 

आणि तुम्ही लिहिलंत ना, ज्याची चूक नसते तो बोलतो? मी पस्तीस वर्षं ह्यांच्यासोबत आहे. हे कधीच बोलत नाहीत. तेवढं लक्षात असू द्या.

सलिमा


चांदवड
१९ मार्च २०२४

सलिमाभाभी,

सुमनबाईंना सांगा, बांबूच्या कामट्या सरळ नाय, तिरप्या मारायच्या, बाहेरच्या अंगाला खाली झुकलेल्या. वारा येतो, पण रस्त्यावरच्याला आतलं काय दिसत नाय. चित्र काढलंय. उंदरांसाठी आतनं बारीक जाळी ठोका. पश्चिमेच्या भिंतीला खाली फट, पूर्वेला वर पत्र्याखाली फट. पाचट नको म्हणता ते बरोबर हाय. त्याऐवजी पत्र्याच्या वर हातभर अंतर सोडून शेडनेट ताणा. आमच्याकडं नर्सरीवाले जुनं काढून टाकतात. मी पंधरा-वीस तुकडे जमवून कांद्याच्या टेम्पोत टाकलेत, मार्केटला उतरवून घ्या. कामट्या पाच घरांपुरत्या हायत. तासून पाठवल्यात, हाताला लागणार नायत.

मापात तुम्ही लिहिलंय की खिडक्यांना ओले गोणपाट लावता. ते पहिलं काढा. आज काढा. पाण्याचं नावच काढू नका. ओल आली की सड आली, हे मी चाळीस वर्षं बघतोय. विंचूरला काय झालं ते लिहिलंच हाय. वारा पुरेसा हाय. पाणी नको म्हणजे नको.

पहिलं घर महेबूबचं धरा. त्याला हलवता येत नाय म्हणून म्हणतोय, दुसरं काय नाय.

बहिरू


पंचवटी
१४ एप्रिल २०२४

बहिरूभाऊ,

ईद झाली. शिरखुर्मा केला होता, याही वेळी पाठवला नाही. पाठवावा असं मनात आलं होतं, एवढं सांगते.

रोजे चालू असताना पाच घरं पूर्ण केली. गल्लीतल्या सगळ्यांनी हात लावला. ज्याला शिडीवर चढता येत नाही त्याने जाळी कापली. हे पलंगावरून डाव्या हाताने दाखवत होते, कुठली कामटी कुठे. एकदा मी एक उलटी लावली तर रागाने भिंतीवर थाप मारली. वर्षभरात पहिल्यांदा ह्यांना राग आला, मला बरं वाटलं.

आकडे देते. शेजारच्या गल्लीत, चुना नसलेल्या घरात दुपारी दोनला त्रेचाळीस. चुना मारलेल्या घरात एकोणचाळीस. आमच्या घरात, म्हणजे कामट्या आणि शेडनेट झाल्यावर, सदतीस. शिवाय हवा हलते, झोपताना कळतं. तुमचं काम चोख आहे, भाऊ.

गोणपाट सगळ्यांनी काढले. सुमनबाई सोडून. त्यांचंही घर या पाचात आहे, पण पश्चिमेच्या फटीवर त्यांनी ओला गोणपाट तसाच ठेवलाय. भाजी धुतलेलं पाणी त्यावर मारतात. मंडळात यावरून चांगलंच वाजलं. मी तुमची बाजू घेतली. म्हटलं, बहिरूभाऊंना चाळीस वर्षांचा अनुभव आहे. त्या म्हणाल्या, मला पण आहे. निकिताने वही उघडायला घेतली, तर मी म्हटलं आता वाद नको, सगळ्यांनी एकच पद्धत पाळायची. सुमनबाई उठून गेल्या.

सलिमा


पंचवटी
२ मे २०२४

बहिरूभाऊ,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय, कारण माझं डोकं तापलंय.

परवा नाशिकला चाळिसाच्या वर होतं. दुपारी ह्यांचं अंग तापलं, डोळे जड झाले. मागच्या वर्षी असंच सुरू झालं होतं. मी निकिताला बोलवायला धावले. तिला घेऊन परत आले तर पाण्याचा तांब्या आडवा, जमीन ओली, आणि हे पलंगाच्या कडेला अर्धे लोंबकळत होते. मी घाबरले आणि घाबरून ओरडले. म्हटलं, प्यायचं पाणी सांडता, मी एकटी काय काय बघू? मग दिसलं. पाणी सांडलेलं नव्हतं. खाली घडी करून ठेवलेला तो जुना गोणपाट ह्यांनी डाव्या हाताने ओढून, भिजवून, फटीपाशी रेटला होता. अर्धाच पोचला होता. हात अजून त्याच्यावर होता.

मी तो उचलून पश्चिमेच्या फटीवर टांगला. सुमनबाई बादली घेऊन आल्या, न बोलवता. आम्ही तिघींनी ह्यांचं अंग पुसलं. संध्याकाळपर्यंत ताप उतरला. वाचले. अल्लाचे उपकार, आणि सुमनबाईंचे.

नंतर निकिताने वही माझ्यासमोर ठेवली. महिनाभर सुमनबाईंच्या घराचा आकडा आमच्यापेक्षा तीन अंशांनी कमी आहे. रोज. मी वहीतल्या त्यांच्या रकान्याकडे बघितलंच नव्हतं, कारण तुम्ही नको म्हणाला होतात. सुमनबाई एवढंच म्हणाल्या, "सलिमा, कांदा कोरडा ठेवायचा असतो, पण कोथिंबीर मी दिवसभर ओल्या गोणपाटाखाली ठेवते. माणूस कोथिंबिरीसारखा आहे गं." मी त्यांचे हात धरले. दुसरं काय करणार?

तुम्हाला दोष देत नाही. तुमचं ऐकून गोणपाट काढला तो मी. पण एक विचारते, खरं लिहा. चाळीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस तुम्ही, वारा असेल तर पाणी गार करतं एवढं तुम्हाला माहीत नव्हतं? माठ काय तुमच्या घरात नाही? पाण्यावर तुमचा एवढा राग कशाला?

सलिमा


चांदवड
९ मे २०२४

भाभी,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. साळूबाई म्हणली, आता नाय लिहिलं तर मी लिहीन. तिला सगळं माहीत हाय. आता तुम्हालापण सांगतो.

विंचूरचा कांदा पाण्यानं सडला नाय.

कामट्या कमी पडल्या व्हत्या. लग्नाच्या बोलणीला पाहुणे विंचूरला यायचे व्हते, त्याआधी चाळ उभी दिसली पायजे असं व्याह्यांचं म्हणणं पडलं. महेबूब त्या दिवशी मनमाडला लोखंड आणायला गेला व्हता. मी पश्चिमेच्या अंगाला सलग फळ्या मारून मोकळा झालो. म्हटलं नंतर बदलू. बदलल्या नायत. पश्चिमेचा वारा अडला आन् चाळ आतनं कोंडली. महेबूबनं पाणी मारलं ते एकदाच, खाली कांदा निवडणाऱ्या बायांना चटका बसत व्हता म्हणून. ते पाणी पत्र्यावरनं पन्हाळीत गेलं. आत थेंब उतरला नाय. मी तिथंच उभा व्हतो.

कांदा सडलेला निघाला तवा सगळे माझ्याकडं बघायला लागले. सायलीचं लग्न डोळ्यासमोर आलं. तोंडातनं निघून गेलं, यानं पाणी मारलं. तो गप्प राहिला. त्याला फळ्यांचं माहीत नाय, म्हणून त्याला आपलीच चूक वाटली असंल, असं मी धरून चाललो.

मग ज्याला त्याला तेच सांगत गेलो. पाणी वाईट, पाणी वाईट. सहा वर्षं सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं. तुमच्या कागदावर गोणपाट वाचला आन् हात आपोआप लिहून गेला. त्या लबाडीपायी महेबूब परत मरायला टेकला व्हता. हे वाचल्यापास्नं भाकरी गोड लागंना.

हे त्याला वाचून दाखवा. काय म्हणंल ते सोसीन. तुम्ही म्हणाल तर परत पत्र लिहिणार नाय. पण राहिलेल्या घरांच्या कामट्या तासायला घेतल्यात, त्या पाठवीन.

बहिरू


पंचवटी
१७ मे २०२४

बहिरूभाऊ,

पत्र वाचून दाखवलं. सगळं, एक शब्द न गाळता.

आधी हे सांगते की पहिल्या कागदापासून ह्यांना माहीत होतं तो तुमचा आहे. तुम्ही वाऱ्याची खूण काढता ना, शेपटी असलेल्या बाणाने? इंजिनीअर तशी काढत नाहीत म्हणे. तीन महिने मी इंजिनीअरच्या गोष्टी रचून सांगत होते आणि हे मान डोलावत होते.

फळ्यांची ओळ वाचली तेव्हा ह्यांनी हात वर करून मला थांबवलं. मला वाटलं चिडले. पण हे बोलायला लागले, आणि ह्यांना चार शब्द बोलायला किती वेळ लागतो ते तुम्ही पाहिलेलं नाही. मी कान तोंडाशी नेला.

म्हणाले, "फळ्या दिसल्या होत्या."

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात? चार लोकांत मान खाली घालून का आलात?

 मग एकच शब्द म्हणाले. "सायली."

बहिरूभाऊ, तुमच्या पत्रावर मी रडले नाही, त्या एका नावावर रडले. तुमची मुलगी ह्यांच्या मांडीवर खेळलेली. बापाची चूक निघाली असती तर त्या घराने लग्न मोडलं असतं. वेल्डरची चूक निघाली तर काय होणार, वेल्डर बदलतात. हा हिशेब ह्यांनी तिथल्या तिथे केला आणि घरी येऊन मलाही सांगितला नाही. लग्नाची पत्रिका आली नाही तेव्हा हे आठ दिवस म्हणत होते, टपालात गहाळ झाली असेल. नवा सदरा शिवून ठेवला होता. तो तसाच ट्रंकेत आहे.

मला तुमचा राग आहे. तो आज जाणार नाही, उद्याही नाही. पण ह्यांना नाही. पत्र संपल्यावर ह्यांनी कागद मागितला आणि डाव्या हाताने त्यावर काही तरी काढलं, सोबत पाठवतेय. तुमची चाळीची फट आहे, तुमचा बाण आहे, आणि मध्ये ह्यांनी एक गोणपाट काढलाय. खाली थेंब आहेत.

मंडळाने तेच ठरवलंय. वारा तुमचा आणि पाणी सुमनबाईंचं. भाजीचं, तांदळाचं, धुण्याचं शेवटचं पाणी फेकायचं नाही, गोणपाटावर मारायचं. दुपारी ज्याच्या घराचा आकडा सगळ्यात कमी, तिथे म्हाताऱ्या माणसांनी जमायचं. काल बाहेर एकेचाळीस होतं आणि आमच्या घरात चौतीस. पाच जण जमिनीवर झोपले होते. हे पण झोपले, घोरत होते.

कामट्या बारा घरांच्या लागतील.

सलिमा


चांदवड
२५ मे २०२४

भाभी,

त्याचं चित्र भिंतीला लावलंय. सायलीला विंचूरवरनं बोलवून घेतलं आन् तिच्या चुलतसासऱ्यालाबी. दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. चुलतसासरा म्हणला, त्या वेल्डरला मी जाऊ द्यायला नको व्हतं. सायली माझ्याशी दोन दिवस बोलली नाय. तिसऱ्या दिवशी म्हणली, मला चाचाकडं घेऊन चला.

दोन जूनच्या रविवारी येतोय. मी, साळूबाई आन् सायली. बारा घरांच्या कामट्या टेम्पोत भरल्यात, हत्यारं घेतलीत. तीन-चार दिवस राहीन म्हणतो, घरं पुरी करूनच निघंन. महेबूबनं पलंगावरनं दाखवायचं, मी ठोकायचं. उलटी लावली तर भिंतीवर थाप मारू द्या.

सोबत एक पत्रिका हाय. साळूबाईनं कपाटातनं काढून दिली. नाव बघा, श्री. महेबूबभाई व परिवार, माझंच अक्षर. लिहिली व्हती, टपालपेटीत टाकायची हिंमत झाली नाय. तारीख सहा वर्षांमागची हाय, तेवढी चालवून घ्या.

त्या दिवशी चूल पेटवू नका. लग्नाचं जेवण आम्ही घेऊन येतोय. त्याला नवा सदरा घालून ठेवा.

बहिरू